शीतजल नळजोडणीचा इतिहास आणि गाढी खोऱ्यातील पाणी : नेरे (ता. पनवेल) परिसराच्या विशेष संदर्भात

गोषवारा :

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने भांडवल, कामगार चळवळ आणि शासकीय धोरण या तीन अंगांनी झाले आहे. कारखान्यातील यंत्रांना थंड ठेवणारे पाणी कोठून आले, कोणत्या नळांतून वाहिले आणि ते नळ कोणी जोडले, हे प्रश्न या लेखनात क्वचितच आढळतात. प्रस्तुत शोधनिबंधात औद्योगिक चिलरच्या, म्हणजेच शीतजलयंत्राच्या, नळजोडणीचा ऐतिहासिक विकास मुंबई व पनवेल परिसराच्या संदर्भात मांडला आहे. नळजोडणीच्या तंत्रात झालेल्या बदलामुळे कारखान्याची पाण्याची गरज कमी झाली. मात्र ती शून्य झाली नाही. उरलेली गरज नद्यांच्या खोऱ्यांवरच पडते. म्हणूनच नेरे परिसरासारख्या अर्धग्रामीण भागात या विषयाला सामाजिक महत्त्व प्राप्त होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : शीतजलयंत्र, नळजोडणी, कूलिंग टॉवर, गाढी नदी, नेरे, तळोजा, कारागीर.

१. प्रस्तावना :

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव आहे. माथेरानच्या रांगेतून उगम पावणारी गाढी नदी या परिसरातून पनवेलकडे वाहते. वरच्या बाजूला देहरंग येथे पनवेल नगरपालिकेने बांधलेले धरण असून गाढेश्वर या नावानेही तो परिसर ओळखला जातो. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करणारी ‘शांतिवन’ ही संस्था नेऱ्याजवळच आहे. भातशेती, आदिवासी वाड्या आणि अलीकडच्या काळात वाढलेली घरबांधणी असे या भागाचे स्वरूप आहे.

नेरे हे औद्योगिक वसाहतीचे गाव नव्हे. तथापि त्याच्या एका अंगाला तळोजा आणि दुसऱ्या अंगाला रसायनी-पाताळगंगा अशी दोन मोठी औद्योगिक क्षेत्रे आहेत. या कारखान्यांतील रासायनिक प्रक्रिया, औषधनिर्मिती, प्लॅस्टिकची साचेकामे आणि मासळीप्रक्रिया यांना शीतकरणाशिवाय एक दिवसही चालता येत नाही. शीतकरणासाठी यंत्र लागते, आणि यंत्रासाठी पाणी लागते. ज्या तालुक्यात धरणाचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस पिण्यालाच पुरत नाही, त्या तालुक्यात हा विषय केवळ अभियंत्यांचा राहत नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही होतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) शीतजल नळव्यवस्थेच्या विकासाचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२) नळजोडणीच्या तंत्रातील प्रत्येक भागामागील कारणांचा शोध घेणे.
३) शीतकरण आणि स्थानिक पाणी यांच्या संबंधाची चर्चा करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. पाण्याच्या वापराचा हिशेब सर्वमान्य अभियांत्रिकी प्रमाणांवर आधारलेला आहे.

३. यंत्रपूर्व काळातील नळविद्या :

बंद नळातून पाणी नेण्याची विद्या महाराष्ट्राला यंत्रयुगाने दिली, असा समज वस्तुस्थितीला धरून नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने खडकी येथे, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, नहर बांधून शहराला पाणी पुरविले. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणण्यात आले. या नळमार्गावर ठरावीक अंतराने हवा बाहेर पडण्यासाठी उच्छ्वास बांधलेले होते. नळाच्या उंच भागात हवा कोंडली की पाण्याचा प्रवाह अडतो, हे तत्त्व त्या गवंड्यांना व पाथरवटांना ठाऊक होते. आजच्या शीतजल नळव्यवस्थेत सर्वांत उंच जागी जो हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह बसवितात, त्याचे काम या उच्छ्वासापेक्षा वेगळे नाही.

थंड पाण्याने बाष्प द्रवरूप करण्याची कल्पनाही येथे नवी नव्हती. अर्क काढण्याच्या नाडिका यंत्रात नळीभोवती थंड पाणी ठेवून बाष्पाचा अर्क गोळा करतात. आयुर्वेदीय औषधनिर्मितीला ही रीत परिचित होती. पनवेल शहरात १८७२ साली श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा उद्योग सुरू झाला, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. पनवेलला औद्योगिक परंपरा तळोज्यापासून लाभली असे मानणे त्यामुळे अपुरे ठरते.

४. मुंबई : बर्फापासून शीतजलापर्यंत :

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेतून जहाजांनी नैसर्गिक बर्फ मुंबईत येऊ लागला. तो साठविण्यासाठी बर्फघर उभारण्यात आले. गोठलेल्या तळ्यातून कापलेला बर्फ महिनोन्‌महिने प्रवास करून उष्ण कटिबंधातील बंदरात उतरविला जात असे. त्याच सुमारास, १८३४ मध्ये, जेकब पर्किन्स याने लंडनमध्ये बाष्प दाबून शीतकरण करण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. १८५९ मध्ये फेर्दिनाँ कारे याने अमोनियावर चालणारे शोषण यंत्र सिद्ध केले आणि १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने अमोनिया दाबयंत्राला व्यवहार्य रूप दिले. कृत्रिम बर्फ स्थानिक पातळीवर तयार होऊ लागताच बर्फाची आयात संपुष्टात आली.

या व्यापाराची एक खूण मात्र भाषेत टिकून राहिली. आजही शीतयंत्राची क्षमता ‘टन’ या एककात मोजतात. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेला एक टन शीतकरण म्हणतात. किलोवॅटमध्ये ते सुमारे ३.५ भरते. यंत्राच्या पाटीवरील ‘१०० टन’ हा शब्द म्हणजे बर्फाच्या व्यापाराचा अवशेष होय.

बर्फयंत्राला मुंबईत स्थिर होण्यासाठी आणखी एक अट पूर्ण व्हावी लागली. ती म्हणजे नळाचे पाणी. दाबलेल्या वायूतील उष्णता काढून घेण्यासाठी कंडेन्सरला पाण्याचा अखंड पुरवठा आवश्यक असतो. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये, तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये मिळू लागले. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात स्वतःचे बर्फयंत्र होते. १९३३ मध्ये रीगल आणि १९३८ मध्ये मेट्रो ही चित्रपटगृहे वातानुकूलित म्हणून नावारूपाला आली.

चैनीच्या वस्तूपासून सार्वजनिक गरजेपर्यंतचा प्रवास दुग्धव्यवसायाने घडविला. १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत स्थापन झाली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील दुग्धशाळेचे उद्घाटन झाले. तापविलेले दूध तातडीने सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले नाही तर पाश्चरीकरणाचा हेतूच फसतो. शहराच्या दुधाचा दर्जा येथे प्रथमच शीतजल वाहून नेणाऱ्या नळांवर अवलंबून राहिला.

५. देशी उत्पादन व पनवेलचे औद्योगिकीकरण :

स्वातंत्र्याच्या आसपासच्या दोन दशकांत शीतकरणाचा देशी उद्योग आकाराला आला. ब्लू स्टारची स्थापना १९४३ मध्ये, व्होल्टासची १९५४ मध्ये आणि पुण्यातील किर्लोस्कर न्यूमॅटिकची १९५८ मध्ये झाली. पुढे पुण्याच्याच थरमॅक्सने वाफेवर व टाकाऊ उष्णतेवर चालणारी शोषण शीतयंत्रे तयार केली.

याच काळात पनवेल परिसराचा कायापालट सुरू झाला. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन होऊन तिचा कारखाना रसायनी येथे उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. महामंडळाने भूखंड व रस्ते यांबरोबरच पाणीही पुरविण्याची जबाबदारी घेतली. बदलापूरजवळील बारवी धरणाचे पाणी नळाने तळोजा क्षेत्राला मिळाले. पाताळगंगा नदीची कथा आणखी उद्बोधक आहे. लोणावळा परिसरातील टाटांच्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहात उतरते व पुढे पाताळगंगेत सोडले जाते. पूर्वेकडे वाहून जाणारे हे पाणी प्रथम मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज देण्याकरिता पश्चिमेकडे वळविले गेले. अर्धशतकानंतर तेच पाणी रसायनीच्या कारखान्यांच्या उपयोगी पडले.

समुद्रकाठच्या काही प्रकल्पांनी गोड्या पाण्याऐवजी समुद्राचे पाणी वापरले. तुर्भे येथील १९६० ते २०१० या काळात चाललेल्या सायरस अणुभट्टीची उष्णता अखेरीस समुद्राच्या पाण्यातच सोडली जात असे. परंतु खारे पाणी साध्या पोलादी नळाला झपाट्याने खाते. सामान्य कारखान्याला तो खर्च परवडणारा नव्हता. त्याची भिस्त गोड्या पाण्यावरच राहिली.

६. नळजोडणीचे तंत्र व त्यामागील कारणे :

पाण्याने थंड होणाऱ्या शीतजलयंत्राला पाण्याचे दोन स्वतंत्र फेरे असतात. पहिल्या फेऱ्यात यंत्राच्या बाष्पकातून सुमारे ७ अंशांचे थंड पाणी कारखान्यात जाते आणि सुमारे १२ अंशांचे होऊन परत येते. दुसऱ्या फेऱ्यात कंडेन्सरमधून सुमारे ३७ अंशांचे कोमट पाणी कूलिंग टॉवरवर जाते आणि सुमारे ३२ अंशांचे होऊन परतते. पहिला फेरा बंद असतो, दुसरा हवेला उघडा असतो. नळजोडणीतील बहुतेक नियम या एका भेदातून निर्माण झाले आहेत.

बंद फेऱ्यातील पाणी तापमानानुसार फुगते व आकसते. म्हणून पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडलेली प्रसरण टाकी उंचावर ठेवतात. सर्वांत उंच जागी हवा सोडण्याची आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची सोय असते. उघड्या फेऱ्यात धूळ, शेवाळ व क्षार येतात. म्हणून तेथे गाळणी, औषधमात्रा आणि ठरावीक पाणी बाहेर सोडण्याची तोटी अनिवार्य ठरते.

यंत्राच्या तोंडाशी होणारी जोडणी ही खरी कसोटी होय. नळाचे वजन यंत्राच्या तोंडावर येऊ नये म्हणून प्रत्येक नळाला स्वतंत्र आधार देतात. यंत्राचा कंप नळात उतरू नये म्हणून मध्ये रबरी लवचीक जोड बसवितात. आत जाणाऱ्या बाजूला गाळणी, दोन्ही बाजूंना बंद करण्याचे व्हॉल्व्ह, दाबमापक व तापमापक, आणि बाहेर पडणाऱ्या बाजूला प्रवाह जुळविण्याचा व्हॉल्व्ह असा क्रम रूढ झाला. नळीची साफसफाई करण्यासाठी यंत्राच्या एका टोकाला नळीच्या लांबीइतकी मोकळी जागा सोडावी लागते. ही जागा नळांनी अडविली तर साफसफाईच्या वेळी सगळी जोडणी उतरवावी लागते.

प्रवाहदर्शक स्विच हा दिसायला क्षुल्लक भाग आहे; पण त्याचे महत्त्व फार मोठे आहे. बाष्पकातील पाण्याचा प्रवाह थांबला आणि यंत्र चालूच राहिले, तर नळ्यांतील पाणी गोठते. गोठताना ते फुगते व नळ्या फुटतात. मग शीतद्रव्यात पाणी शिरून संपूर्ण यंत्र निकामी होते. म्हणूनच हा स्विच कोपराजवळ न बसविता नळाच्या सरळ भागात बसवितात, कारण वळणाजवळच्या खळबळीत त्याची पट्टी खोटी सूचना देण्याची शक्यता असते.

जोडणी पूर्ण झाल्यावर पाण्याच्या दाबाने चाचणी घेतात. त्यानंतर यंत्राला वगळून बगलेच्या नळातून पाणी फिरवितात व नळांतील वेल्डिंगचे खडे, गंज आणि माती धुऊन काढतात. ही धुलाई घाईत टाळली गेली तर तो कचरा यंत्राच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो. यंत्राचे आयुष्य अशा प्रकारे ते सुरू होण्यापूर्वीच ठरत असते.

साहित्याचा इतिहासही बदलत गेला. लहान नळांना आटे पाडून ताग व सफेदा लावून जोडण्याची रीत दीर्घकाळ होती. मोठ्या नळांसाठी वेल्डिंग व फ्लँज आले. शीतजलाच्या नळांवर पूर्वी बुचाचे आवरण असे. नंतर थर्माकोलचे तुकडे डांबराने चिकटवून त्यावर जाळी व सिमेंटचा गिलावा करण्याची पद्धत सर्वत्र पसरली. पुढे रबरी फेसाचे व पॉलियुरेथेनचे आवरण आले. कोकणच्या दमट हवेत आवरणाला बारीकशी भेग राहिली तरी नळाला घाम फुटतो आणि आतल्या आत गंज चढतो. थंडीच्या देशांत तयार झालेल्या नियमपुस्तिकांपेक्षा पावसाळ्यातील अनुभव येथे अधिक उपयोगी पडला.

शीतद्रव्यांबाबत आंतरराष्ट्रीय कराराचा प्रभाव पडला. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सहभागी झाला आणि जुनी क्लोरोफ्लुरोकार्बन शीतद्रव्ये २०१० पर्यंत बंद करण्यात आली. अनेक यंत्रे बदलली गेली. पाण्याच्या नळांना मात्र असा कोणताही करार लागू झाला नाही.

७. पाण्याचा हिशेब आणि गाढी खोरे :

१०० टनांच्या यंत्राच्या कंडेन्सरमधून प्रमाणित हिशेबाने तासाला सुमारे ६८ घनमीटर पाणी फिरते. हे पाणी एकदाच वापरून सोडून दिले, तर दिवसाला १,६०० घनमीटरहून अधिक पाणी लागेल. कूलिंग टॉवरमुळे तेच पाणी पुनःपुन्हा वापरता येते. तेथे केवळ बाष्पीभवनाने तासाला सुमारे ६५० लिटर पाणी उडून जाते आणि क्षार वाढू नयेत म्हणून आणखी दोनशे लिटरच्या आसपास पाणी सोडावे लागते. पूर्ण भाराने चोवीस तास चालल्यास रोज जवळपास २१,००० लिटर पाण्याची भर घालावी लागते.

फेरनळ व कूलिंग टॉवर यांनी पाण्याची गरज सत्तर पटींहून अधिक घटविली, हे या तंत्राचे ऐतिहासिक यश होय. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरमाणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण मानले. या प्रमाणाने २१,००० लिटर पाणी सुमारे ३८० माणसांना पुरते. म्हणजे एका मध्यम आकाराच्या यंत्राची रोजची तहान एखाद्या वाडीच्या तहानेइतकी असते. शिवाय बाष्प होऊन गेलेले पाणी त्या खोऱ्याला लगेच परत मिळत नाही आणि सोडलेले पाणी क्षारयुक्त असते. तळोज्याच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, यावरून सांडपाण्याच्या नळाचे महत्त्व ध्यानात येते.

गाढीचे पाणी तळोज्याच्या यंत्रांना जात नाही. त्यांना बारवीचे पाणी मिळते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तथापि पाण्याची खोरी नळांनी एकमेकांशी जोडली गेली आहेत. पनवेल शहर देहरंगच्या साठ्याबरोबरच महामंडळाच्या व जीवन प्राधिकरणाच्या पाण्यावर अवलंबून राहिले. देहरंगचा साठा आटला की शहराची मागणी त्याच स्रोतांकडे वळते, ज्यांच्यावर कारखाने उभे आहेत. २०१३ पासून सिडकोकडे आलेल्या ‘नैना’ नियोजनक्षेत्रात नेरे परिसराचा समावेश झाल्यामुळे ही मागणी वाढतच जाणार आहे.

यावर एक मार्ग शेजारीच सापडतो. नवी मुंबई महानगरपालिकेने ऐरोली व कोपरखैरणे येथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेचे तृतीय स्तरीय प्रक्रिया प्रकल्प उभारून सांडपाणी उद्योगांना वापरण्यायोग्य करण्याची व्यवस्था केली. कूलिंग टॉवरला पिण्याचेच पाणी हवे असते असे नाही. योग्य प्रक्रिया केलेले पाणी त्याला चालते. त्यासाठी कारखान्यात वेगळा नळ टाकावा लागतो, एवढेच.

८. कारागिरांचे स्थान :

१९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर, वेल्डर, प्लंबर आणि शीतकरण तंत्रज्ञ बाहेर पडू लागले. परंतु शीतजलयंत्राची जोडणी यांपैकी एकाच व्यवसायात बसत नाही. ओळंबा आणि लेव्हल पाहणारा, फ्लँजची भोके जुळविणारा, गॅस्केट कापणारा व बोल्ट समोरासमोर आळीपाळीने आवळणारा कारागीर हे ज्ञान बहुधा दुसऱ्या कारागिराच्या हाताखाली मिळवितो. हे काम बहुतांशी कंत्राटी पद्धतीने होते. यंत्र सुरू झाल्यावर कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव येते, यंत्रावर कंपनीचे नाव असते. जोडणाऱ्याचे नाव कोठेही नसते. कात्रजच्या नळाच्या बाबतीतही पेशव्यांचे नाव राहिले, उच्छ्वास बांधणाऱ्यांचे राहिले नाही. या दृष्टीने अडीच शतकांहून अधिक काळात फारसा बदल झालेला दिसत नाही.

९. निष्कर्ष :

१) शीतजल नळव्यवस्था ही केवळ परदेशी यंत्राबरोबर आलेली वस्तू नसून तिची काही मूलतत्त्वे महाराष्ट्रातील पूर्वीच्या नळविद्येत आढळतात.

२) मुंबईतील शीतकरणाचा विस्तार सार्वजनिक नळपाणी योजनांच्या विस्तारानंतरच शक्य झाला.

३) यंत्राचे आयुष्य व सुरक्षितता त्याच्या किमतीपेक्षा जोडणीच्या क्रमावर, धुलाईवर व चाचणीवर अधिक अवलंबून असते.

४) फेरवापराच्या तंत्राने पाण्याची गरज मोठ्या प्रमाणात घटविली, तथापि उरलेली गरज स्थानिक लोकवस्तीच्या गरजेशी तुलना करण्याइतकी मोठी आहे.

५) पनवेल परिसरात नव्या उद्योगांना परवानगी देताना कूलिंग टॉवरसाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याचा स्वतंत्र नळ ही अट घालणे हिताचे ठरेल.

६) कंत्राटी नळकारागिरांच्या मौखिक इतिहासाचे संकलन तालुका पातळीवरील महाविद्यालयांनी हाती घ्यावे. ज्यांनी तळोजा व रसायनीचे पहिले नळ जोडले, ती पिढी आता वार्धक्यात आहे. त्यांच्याकडील माहिती आज नोंदविली गेली नाही, तर या इतिहासाचे एक मुख्य साधन कायमचे नाहीसे होईल.